कोंबडीचं पंचांग

आमच्या परसातलं पहिलं अंडं 29 जून 2023 रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास पडलं. तारीख एवढी पक्की लक्षात राहिली ती अंड्यामुळे नव्हे, एकादशीमुळे. आषाढी एकादशी होती. घरात पाच माणसं. चौघांचा उपास, आणि थोरल्याचा उपास नसूनही उपास, कारण साबुदाण्याची खिचडी. आई टीव्हीसमोर पाट घेऊन बसली होती. पंढरपूरची पहाटेची महापूजा तिसऱ्यांदा दाखवत होते आणि आई तिसऱ्यांदा हात जोडत होती. तेवढ्यात धाकटी परसदारातून ओरडत आली आणि ओंजळ पुढे करून थेट टीव्ही आणि आजी यांच्यामध्ये उभी राहिली.

“आजी, बघ! अजून गरम आहे!”

विठ्ठल मागे, अंडं पुढे, आणि आईचे हात जोडलेले. ते सोडावेत की तसेच ठेवावेत, हेच तिला कळेना. शेवटी म्हणाली, “हिला वर्षात आजचाच दिवस घावला व्हय?”

प्रश्न कोंबडीला होता. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येकाने तो कधी ना कधी विचारला आहे. कोंबड्यांनी अजून दाद दिलेली नाही.

आम्ही साताऱ्याच्या कडेला राहतो. मागे थोडं परस आहे. त्यात एक शेवगा, एक कढीपत्ता आणि धुणं वाळत घालायची तार. गावरान म्हणून मिळणारं अंडं म्हणजे चहाच्या पाण्यात बुचकळलेलं साधं पांढरं अंडं असतं, असं कचेरीत कुणीतरी सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. खरं-खोटं करायला गेलो नाही. डोकं फिरायला तेवढं पुरलं.

पहिला प्रयत्न जत्रेतल्या रंगीत पिल्लांचा. दोन गुलाबी, दोन हिरवी. अंड्यांच्या जातीची पिल्लं काढणाऱ्यांना नर पिल्लांचा काही उपयोग नसतो, तीच रंगवून जत्रेत येतात, हे आम्हाला मागाहून कळलं. रंग उतरायच्या आतच पिल्लं गेली. धाकटीने शेवग्याखाली चार समाध्या बांधल्या. त्यांवर आता पुदिना येतो. आम्ही तो चटणीला घेत नाही.

मग होळीच्या आठवड्यात टेम्पो ओरडत आला, “गिरिराज, वनराज, कावेरी!” गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेली जात, वनराज हैदराबादची. कोंबड्यांच्या जातींना अशी पैलवानी नावं का दिली असतील, हा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. टेम्पोवाला म्हणाला, “तलंगा आहेत साहेब, तीन महिन्यांच्या.” तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. उपवर म्हणा. “सहाच्या सहा माद्या. लिहून देतो.” लिहून दिलं नाही. आम्हीही मागितलं नाही. माणसावर विश्वास ठेवावा.

खुराडं म्हणून जुनं शोकेस कामाला आलं. काचा काढून जाळी ठोकली, खाली भाताचं तूस पसरलं. लग्नात आलेला प्लास्टर ऑफ पॅरिसचा ताजमहाल वीस वर्षं ज्या कप्प्यात होता, तिथे ठमी बसू लागली. ठमी, मास्तरीण, भुरी, तुरेवाली, लंगडी आणि सोनाली. लंगडी लंगडत नाही. आणली त्या दिवशी टेम्पोतून उतरताना लंगडली, तेवढ्यावर नाव पडलं. आपल्याकडे माणसांचंही असंच होतं.

खरी अडचण आईची होती. आई माळकरी. तिच्या गळ्यात माळ आहे म्हणून आमच्या घरी मटण-मासळी कधी शिजलीच नाही. अंडं मात्र बायकोने वेगळी कढई, वेगळा चमचा आणि मागच्या पडवीतली वेगळी शेगडी अशा तहाच्या कलमांवर आणलं होतं. कोंबड्यांचं नाव काढल्यावर आईने आणखी कलमं घातली. अंडी देवाच्या बाजूने आणायची नाहीत, फ्रिजात ठेवायची नाहीत, आणि मला हात लावायला सांगायचं नाही. मी तिला शास्त्र सांगितलं. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं देतेच, आणि त्या अंड्यात जीव नसतो. पिल्लू व्हायचंच नाही, मग हत्या कसली? आईने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “जीव नसंल तर ठेव.”

एप्रिलच्या एका पहाटे सोनाली आरवली.

पहिलं आरवणं काही भूपाळी नव्हतं. थंडीत एसटी दुसऱ्या गिअरवर सुरू करावी तसा आवाज आला आणि मध्येच बंद पडला. आम्ही सगळे परसदारी जमलो. सोनालीने मान ताणली, डोळे मिटले आणि पुन्हा एसटी चढावर घातली. आईने माझ्याकडे पाहिलं. “आता काय म्हणणं हाय तुझं? जीव असतो का नसतो?”

माझं शास्त्र महिनाभरात असं उताणं पडलं. सोनालीला विकावं म्हटलं तर धाकटी जेवेना. कापायचं तर कुणाच्या तोंडून निघणंही शक्य नव्हतं. सोनाली राहिली, नावासकट राहिली. आजही लोक विचारतात, “कोंबड्याचं नाव सोनाली?” मग आम्ही टेम्पोची गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

शेजारच्या काकांना मात्र गोष्टीत रस नव्हता. पहाटे पावणेचारला त्यांची झोप मोडायची. त्यांनी कुंपणावरून सभ्य शब्दांत तक्रार केली. “तुमच्या सोनालीला जरा सांगा.” मी रात्री सोनालीवर डालगं पालथं घालायला लागलो, त्यावर गोधडी, गोधडीवर पोतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण शाळेत विस्तारासाठी दहादा लिहिली असेल. झाकून पाहणारा आमच्या वर्गातला मी एकटाच. तांबडं फुटायचं राहिलं नाहीच, कोंबडंही आरवायचं राहिलं नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं आहे की कोंबडा उजेड पाहून नव्हे, अंगातल्या घड्याळावर आरवतो. मिणमिणत्या उजेडात कोंडून ठेवला तरी तो वेळेला आरवतो. म्हणजे म्हण करणाऱ्याने अर्धंच पाहिलं होतं. गोधडीखालून आवाज फक्त जरा दबका यायचा, कुणी विहिरीतून हाक मारावी तसा. काकांना तो जास्तच भीतिदायक वाटला.

कोंबड्यांच्या आपसातल्या मानपानाबद्दल एवढंच सांगतो की पहिली टोच ठमीची. भाजीची देठं टाकली की ठमी, मग तुरेवाली, मग मास्तरीण, मग भुरी, आणि उरलंसुरलं लंगडीला. मध्ये कुणी तोंड घातलं की डोक्यात टोच. थोरलिफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसाने लहानपणापासून कोंबड्या पाहून या टोचण्याच्या उतरंडीवर 1920च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रीय लेखन केलं. त्याने आमच्याकडचं एक लग्न पाहिलं असतं तर इतकी वर्षं परसात बसायची वेळ आली नसती.

आता पंचांगाकडे येतो.

पहिल्या अंड्यानंतर दहा-बारा दिवसांत पाचही जणी अंड्यावर आल्या. आईला हात लावायचा नव्हता, पण परसदारी दिवसभर तीच असायची. तेव्हा अंडी गोळा करायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. तिने त्यासाठी करवंटीला काठी बांधून एक पळी केली. शोकेसच्या कप्प्यात लांबून पळी घालायची, अंडं अलगद उचलायचं, टोपलीत सोडायचं. पाहणाऱ्याला वाटावं की ही बाई निखारे काढतेय. आणि अंडं पडलं की आई स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, तिथीच्या शेजारी, पेन्सिलीने नोंद करी. ठ 9.10. दुसऱ्या दिवशी ठ 10. मग ठ 11.15. ठ 12.30. मग एक दिवस काहीच नाही. मग एकदम ठ 8.45.

“ही रोज उशीर का करती? आन् मधीच एक दिस दांडी?”

मी पुन्हा शास्त्र सांगायला बसलो. या खेपेला जपून. एक अंडं तयार व्हायला साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला जातात. म्हणजे कोंबडीचा दिवस आपल्या दिवसापेक्षा थोडा मोठा. रोज थोडं थोडं पुढे सरकत अंडं दुपारवर येतं. मग ती एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात करते.

मला वाटलं, आईला हे पटवायला तासभर लागेल. तिने ऐकलं आणि म्हणाली, “मग तिथीचं तरी काय येगळं असतं?”

खरंच वेगळं नसतं. तिथी सरासरी चोवीस तासांहून वीस-पंचवीस मिनिटांनी लहान. ती रोज थोडी अलीकडे सरकते आणि मधूनच एखादीचा क्षय होतो. ठमी रोज पलीकडे सरकते आणि मधूनच तिच्या अंड्याचा क्षय होतो. पुस्तकात हे समजायला मला तीन पानं लागली होती. जन्मभर एकादशी कधी लागते आणि कधी सुटते हे पाहत आलेल्या बाईला एक वाक्य पुरलं. त्या दिवसापासून आई कोंबड्यांविषयी जरा वेगळ्या सुरात बोलू लागली. पंचांग पाळणारी बाई, मग तिला पिसं का असेनात.

घोटाळा एवढाच की दोन्ही पंचांगं एका भिंतीवर राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या घरात सोमवार बायकोचा, मंगळवार माझा, गुरुवार सगळ्यांचा, शनिवार मारुतीचा. शिवाय दोन एकादश्या, संकष्टी आणि आईच्या मनात येईल तो दिवस. राहता राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातल्या शुक्रवारावर बायकोची अधूनमधून नजर असते. अंड्यांचा भाव रोज जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती 1982 साली स्थापन झाली. तिचं मुख्यालय पुण्यात आहे, म्हणजे आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. तिच्या हिंदी जाहिरातीने रविवार असो की सोमवार, रोज अंडं खा असा आग्रह लहानपणी आम्हाला पाठ करायला लावला होता. पुण्यात बसून नेमका सोमवारच निवडावा, याचं मला अजून नवल वाटतं. यमकासाठी माणूस काय काय करतो.

आणि त्या वर्षी श्रावण अधिक आला. 18 जुलैला अधिक श्रावण लागला, 17 ऑगस्टला निज. एकूण साठ दिवस. आखाडातली शेवटची अमावास्याही सोमवारी आली, म्हणजे निरोपाचं ऑम्लेट आदल्या रविवारीच उरकावं लागलं. अधिकात पाळायचा की नुसता निजात, यावर घरात परिषद भरली. आई म्हणाली दोन्ही. बायको म्हणाली, “आत्या पाळतात तर दोन्ही.” थोरला म्हणाला, “अधिक म्हणजे बोनस. बोनस कुणी पाळतं का?” ठराव बहुमताने मंजूर झाला. थोरला अजून अल्पमतात आहे.

इकडे परसात पाऊस, गवत, गांडुळं, नाकतोडे. हवा गार. उन्हाळ्यात चोच उघडी टाकून धापा टाकणारी कोंबडी पातळ कवचाची अंडी देते. तीच श्रावणात अशी काही बहरते की विचारू नका. एकेकीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य, वर शिंपल्यांचा चुरा, वर बायकोच्या उपासाची सालं. दिवसाला तीन, कधी चार अंडी पडू लागली. साठ दिवसांचा गुणाकार तुम्हीच करा. खर्चाचा हिशेब मी मांडला नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. आमच्याकडे मसाला करायचीही सोय नव्हती.

फ्रिज बंदीच्या यादीत होता. अंडी न धुता कोंड्याच्या डब्यात पुरून ठेवली. न धुता, कारण अंड्यावर एक नैसर्गिक लेप असतो, धुतला की गेला. जुनं अंडं ओळखायला पाण्यात सोडावं. ताजं तळाशी आडवं पडतं, शिळं उभं राहतं, अगदीच जुनं तरंगतं, कारण आतली हवेची पोकळी दिवसेंदिवस वाढत जाते. अधिक श्रावण अर्धा सरला तेव्हा आमच्या बादलीत निम्मी अंडी सरकारी कार्यक्रमातल्या पाहुण्यांसारखी अदबीने उभी होती.

मग वाटप सुरू झालं. बहिणीकडे श्रावण. साडूकडे श्रावण. कचेरीत सगळ्यांचा श्रावण, आणि ज्यांचा नाही त्यांच्या बायकांचा. शेजारच्या काकांकडेही श्रावण होता. पण एका संध्याकाळी दिवेलागणीनंतर कुंपणापाशी खोकल्याचा आवाज आला. काका हातात स्टीलचा डबा घेऊन उभे होते. “उकडून मिळतील का दोन? आमच्याकडे वास येतो.” मी दिली. काका कुंपणाला टेकून, आमच्या बाजूला वाकून, मिठाशिवाय खाऊन गेले. सालं आमच्याच परसात टाकली, पुरावा नको म्हणून. हे आठवड्यातून तीनदा चालायचं. सोनालीविषयीची तक्रार त्यानंतर आली नाही. उलट एकदा म्हणाले, “आज आवाज बसल्यासारखा वाटला हो. गरम पाणी द्या.”

खरं मोठं गिऱ्हाईक मात्र समोरच्या माडीवर भाड्याने राहणारा मुलगा. जिमला जाणारा. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या कापूनच टाकलेल्या. आईने त्याला विचारलं, “तुला श्रावण न्हाई का रं बाळा?”

“आजी, प्रोटीनला श्रावण नसतो.”

तो रोज सहा अंडी नेऊ लागला. कोंड्याचा डबा भराभर उतरला. आई खूश झाली. आईबापांपासून लांब राहतो, खातोय बिचारा. ती त्याला मधूनच मोठमोठी अंडी निवडून द्यायची. पळीने.

त्याच सुमारास मानमोडीची लस द्यायची वेळ आली. मानमोडी म्हणजे राणीखेत. हा रोग एकदा शिरला की खुराडंच्या खुराडं झोपतं. लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकला की झालं. पण आम्हाला मिळालेली सर्वांत लहान बाटली शंभर कोंबड्यांची होती, आणि एकदा कालवली की ती तास-दोन तासांत संपवायची असते. आमच्या सहा. उरलेल्या चौऱ्याण्णव कुठून आणायच्या? थोरल्याने सायकलवरून आसपासच्या वस्तीत दवंडी दिली. दुपारी आमच्या परसात पाटीतून, पिशवीतून, एकाच्या हेल्मेटमधून कोंबड्या आल्या. एकोणचाळीस भरल्या. बायकोने सवयीने सगळ्यांना चहा केला. घरात कार्य असल्यासारखं झालं. फक्त पाहुणे पाहुण्यांना टोचत होते.

लस द्यायला आलेले डॉक्टर ठमीला उलटी धरून तिचे पाय पाहू लागले. म्हणाले, “ही चांगली देते अंडी.” कसं ओळखलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “पाय फिके पडायला लागलेत ना.”

ठमी आणली तेव्हा तिचे पाय हळदीत बुडवल्यासारखे होते. आम्ही पुन्हा निरखून पाहिलं. पुढच्या बाजूचा रंग उतरला होता. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मक्यातून, पाल्यातून कोंबडीला जो पिवळा रंग मिळतो, तो ती एरवी अंगात साठवते. चोचीत, कातडीत, पायांत. अंडी सुरू झाली की तो सगळा बलकात जायला लागतो. जितकी अंडी जास्त, तितके पाय फिके. आळशी कोंबडीचे पाय शेवटपर्यंत पिवळेधमक. जाताजाता माझी भर. या पिवळ्या कातडीचं जनुक पाळीव कोंबडीत आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 सालच्या एका संशोधनात निघालं. हा रानकोंबडा कोयनेच्या, महाबळेश्वरच्या जंगलात आजही आहे. हे ऐकून आई म्हणाली, “म्हंजी माहेर हितलंच की.”

पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. ती ठमीच्या पायाकडेच पाहत होती. डॉक्टर गेल्यावर तिने पाचही जणींना एकेक करून उचललं, उलटं केलं, पाय पाहिले. सगळ्यात फिके लंगडीचे होते. शेवटी टोच खाणाऱ्या लंगडीचे.

आणि त्याच आठवड्यात, सकाळी तुळशीला पाणी घालताना, आईने समोरच्या माडीच्या मोरीखाली पाहिलं. मोरीच्या पाइपातून पिवळं धमक ओघळत होतं. वर मुलगा अंडी फोडत होता. पांढरं पेल्यात, पिवळं मोरीत. पांढरं पेल्यात, पिवळं मोरीत. सहाच्या सहा.

माझ्या आईचा आवाज इतका चढलेला मी पूर्वी एकदाच ऐकला होता, भावकीच्या वाटणीत. “आरं, काय करतुयास काय ह्ये?” मुलगा खिडकीत आला. “आजी, पिवळ्यात फॅट असतं.” आईला फॅट कळलं नाही, आणि कळलं असतं तरी उपयोग नव्हता. जन्मात अंडं न चाखलेली ती माळकरीण रस्त्यात उभी राहून त्या पैलवानाला सांगत होती की बाबा, तिनं पायाचा रंग उतरवून घातलंय ते. दुसऱ्या दिवसापासून त्याची सहा अंडी बंद. तो दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आईने त्याच्यासमोर अंडं उकडायला लावलं आणि सगळं खाईपर्यंत दारात उभी राहिली.

मोठं गिऱ्हाईक गेलं आणि डबा पुन्हा भरू लागला. तेवढ्यात मास्तरीण खुडूक झाली. अंडं देणं बंद, खाणं नावाला, अंग फुगवून ताजमहालाच्या कप्प्यात ठाण मांडून बसली. जवळ गेलं की तास संपल्यावरही वर्ग न सोडणाऱ्या बाईंसारखी गुरगुरायची. खुडूक मोडायचे उपाय लोकांनी सांगितले. गार पाण्यात बुडवा, टोपलीत टांगा. आई म्हणाली, “तिला बसू द्या.” निज श्रावणातला मंगळवार होता, 29 ऑगस्ट. आईने डब्यातली ताजी अकरा अंडी निवडली. बसवलेल्या अंड्यांवर खूण करावी लागते, नाहीतर दुसऱ्या कोंबड्या त्यात मागाहून आपली भर घालतात आणि दिवसांचा मेळ राहत नाही. आईने पेन्सिल घेतली, एकेक अंडं डाव्या हातात धरलं आणि प्रत्येकावर खूण म्हणून ‘श्री’ काढला. पळी भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मीही काही बोललो नाही.

सातव्या रात्री दिवे घालवून मोबाइलच्या टॉर्चवर अंडी पाहिली. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर अंडं धरायचं. आत तांबूस उजेड, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, आणि मधोमध एक ठिपका. ठिपका हलत होता. ‘श्री’च्या बरोबर मागे. धाकटीने श्वास रोखला. आईने अंडं माझ्या हातातून घेतलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाली, “झाका आता. गार व्हईल.”

एकविसावा दिवस म्हणजे 19 सप्टेंबर. गणेश चतुर्थी. या एकदाच दोन्ही पंचांगं जुळली. आरतीला उभं राहिलो आणि परसातून बारीक चिवचिव आली. पिल्लं कवच फोडायच्या आधीपासूनच आत बोलायला लागतात. धाकटीचा टाळ चुकला, मग माझा, आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत देवापुढे एकटी बायको उरली. संध्याकाळपर्यंत आठ निघाली. तीन फुटली नाहीत. ती टाकणार कशी, त्यांवर ‘श्री’. आईने शेवग्याखाली खड्डा घेतला, वर हळदकुंकू वाहिलं. पुदिना तिथेही येतोय.

पुढचं थोडक्यात. दिवाळीनंतर दिवस लहान झाला. कोंबडीला भरघोस अंडी द्यायला चौदा-सोळा तास उजेड लागतो. साताऱ्यात भर उन्हाळ्यातसुद्धा जेमतेम तेरा तास मिळतो आणि मार्गशीर्षात अकरावर येतो. पाचही जणींनी पिसं गाळली, परसात गादी फाटल्यासारखं झालं, आणि अंडी बंद. नेमक्या तेव्हाच बहिणीचा फोन, साडूचा फोन, कचेरीतल्यांच्या पिशव्या. “थंडी आहे, गावरान असतील तर द्या.” खुराड्यात दिवा लावून उजेड वाढवता येतो, मोठे पोल्ट्रीवाले तेच करतात. आई नको म्हणाली. “त्यास्नीबी रात हवी.” आम्ही पौष महिनाभर दुकानातून अंडी आणली. चहाच्या रंगाची.

पुढच्या वर्षी कोंबड्या नऊ झाल्या. 2024 सालचा जागतिक अंडी दिन 11 ऑक्टोबरला होता. तो दर ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी असतो, म्हणजे अनेकदा पितृपक्षात नाहीतर नवरात्रात. त्या वेळी नवरात्र होतं. डब्यात त्रेचाळीस अंडी, घरात घट आणि कुंपणापाशी काका.

आता पुन्हा श्रावण तोंडावर आला आहे आणि परसात गवत गुडघाभर वाढलं आहे. सातारकरांपैकी ज्यांच्याकडे श्रावण नाही, किंवा आहे पण कुंपण सोयीचं आहे, त्यांनी सकाळी दहाच्या पुढे डबा घेऊन यावं. भाव बाजारापेक्षा कमी, आणि सोनाली दाखवायचे पैसे नाहीत. पिवळं टाकणाऱ्यांनी मात्र येऊ नये. आई दारातच बसलेली असते.